विहीणबाई पुढे, मी मागे

माझ्या विहीणबाई सायकलवर बसण्याआधी पदर खोचतात, पदरावर हेल्मेट चढवतात, आणि मग समोरच्या रस्त्याकडे अशा बघतात की रस्त्यानंच जरा सरकून वाट द्यावी. पाचवारी साडी, पायात कॅनव्हासचे बूट, सायकल जुनी, बिनगिअरची, नोकरीतली. त्या लोहारा तालुक्यात नर्स होत्या. लशींची पेटी कॅरेजला बांधून गावोगाव हिंडल्या. मी धाराशिवला शाळेत गणित शिकवलं, आणि रिटायर झाल्यावर डॉक्टरांनी साखर वाढलीय म्हणून दम भरला तेव्हा चांगली गिअरची सायकल घेतली. म्हणजे त्या पोटासाठी सायकलवर बसल्या आणि मी पोट उतरवायला. आमच्यात खरी सायकलवाली कोण, हे वेगळं सांगायला नको.

सास्तूरला त्यांचं घर आणि शेत. माझी एकुलती एक लेक त्या घरात दिली आहे. जावई जवळच्याच शाळेत शिक्षक, आणि नातीला आत्ता कुठं तिसरं संपलंय.

आमच्या गावात सकाळी सायकली हाणणाऱ्यांचं एक टोळकं आहे. त्या टोळक्यानं जिल्ह्यातले चार-दोन मार्ग चांगले मळवून ठेवलेत. त्यातला माझा सगळ्यात लाडका म्हणजे येडशीच्या अभयारण्यातून रामलिंगाला जायचं, तिथून तेरला उतरायचं, आणि पुढं तेरणेच्या खोऱ्यानं माकणीच्या धरणापर्यंत. आधी जंगल, मग नदी. पुण्याचे पाहुणे विचारतात, मराठवाड्यात कसलं आलंय जंगल? मी त्यांच्याशी वाद घालत नाही. घरात एक जास्तीची सायकल आहे, आमच्या ह्यांनी कधी न चालवलेली, ती देते. रामलिंगाच्या दरीवरून परत येईपर्यंत माणूस मुकाट झालेला असतो.

या फेऱ्यांचे फोटो मी स्टेटसला ठेवायची. ते बघून विहीणबाईंचा फोन आला.

"बाई, औंदा येळवशीला तुमी आमच्या रानात यायचं. आन् यष्टीनं न्हाय, सायकलवर यायचं. म्या येते न्यायला."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. त्या दिवशी आमच्याकडची गावं ओस पडतात आणि रानं भरतात. सगळी माणसं शेतात जाऊन पूजा करतात, तिथंच जेवतात, आणि रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाका मारून पंगतीला बसवतात. आमंत्रणाचं नवल नव्हतं. पण लेकीला न्यायला भाऊ मूळ येतो हे माहीत होतं, विहिणीला न्यायला विहीण आल्याचं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. त्या मात्र आल्या. जावयांनी छोट्या टेम्पोत सायकल टाकली, आईला आमच्या दारात उतरवलं आणि ते परत गेले.

त्याच आठवड्यात लेकीचाही फोन आला होता. वनरक्षकाच्या भरतीत ती पास झाली होती. पळण्याची परीक्षा, चालण्याची परीक्षा, सगळं पार पडलं होतं. वय सरत आल्यामुळं ही शेवटचीच संधी होती. आता विदर्भात सहा महिन्यांचं ट्रेनिंग होतं आणि लहान पोरीला तिथं नेता येणार नव्हतं. जावई म्हणाले होते, माझी ना नाही, पण आईला विचार. आणि सासूला विचारायचा लेकीला धीर होत नव्हता.

"आई, तूच बोल ना त्यांच्याशी," ती म्हणाली. "दोन दिवस वाटेत दोघीच असाल."

मी हो म्हटलं खरं, पण माझी अडचण मलाच ठाऊक. मुलीची आई विहिणीपुढं खालच्या पायरीवर. विहिणीच्या पुढं चालायचं नाही, तिच्या आधी घास घ्यायचा नाही, तिचं चुकलं असं म्हणायचं नाही. माझ्या आईनं मला पोर होईपर्यंत माझ्या सासरी घोटभर पाणी घेतलं नव्हतं. मी इतकी मागासलेली नाही. नात झाल्यापासून सास्तूरला जेवतेसुद्धा. पण मुक्काम कधी केला नाही, शेवटच्या एसटीनं घर गाठायचंच. जमाना बदलला यावर मी स्टाफरूममध्ये पुष्कळ तोंड वाजवलंय. तपासणीला आलेल्या साहेबांची बेरीज फळ्यावर चुकली तर पोरांसमोर दुरुस्त करणारी बाई मी. पण विहीणबाई समोर आल्या की माझी मान आपसूक खाली जाते. याला काय करणार?

येळवशीच्या आदल्या दिवशी सकाळी निघालो. येडशीपर्यंतचा हायवे मला मनापासून नकोसा आहे. येरमाळ्याकडं जाणारे ट्रक कानाशी येऊन हॉर्न मारतात, आणि ते का मारतात हे ड्रायव्हरलाही माहीत नसतं. विहीणबाई पांढऱ्या पट्ट्यावरून एका लयीत पुढं चालल्या होत्या. हॉर्न वाजला की मी दचकायची. त्या ट्रकवाल्याला हातानंच 'हळू' म्हणायच्या, आणि खरं सांगते, ट्रक हळू व्हायचे.

अभयारण्याच्या नाक्यावर खाकीतल्या माणसानं आमची नोंद केली, प्लास्टिक टाकू नका, ओरडू नका, दिवस कलायच्या आत बाहेर पडा, असं बजावलं. मी मान डोलावली. विहीणबाईंनी हेल्मेटचा पट्टा सारखा करत त्याला विचारलं, "हितं बायाबी असत्यात का ड्यूटीला?"

"असत्यात की. दोघी हायत. रातच्या गस्तीलाबी जात्यात."

"हं," विहीणबाई म्हणाल्या आणि पायडलवर पाय ठेवला.

बोलायला याहून चांगली जागा कुठली मिळणार होती? शब्द ओठापर्यंत आले. पण त्या पुढं निघून गेल्या होत्या आणि मागून ओरडून सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती. निदान मी तरी मनाशी तसं म्हटलं.

जंगलाचं वर्णन काय करू? हे काही अंगावर येणारं जंगल नाही. धावडा, सालई, खैर, मध्ये मध्ये सीताफळीची झुडपं, आणि पायाखाली लालसर मुरूम. पावसाळ्यात हिरवंगार असतं, तेव्हा कुणीही प्रेमात पडेल. मला ते थंडीत आवडतं. गवत वाळून सोनेरी झालेलं असतं, पानं विरळ होतात, आणि बालाघाटाच्या टेकड्यांची हाडं दिसायला लागतात. सायकलला आवाज नसल्यामुळं तित्तिर अगदी चाकाजवळून उठतात. विहीणबाईंना ते सगळं एका नजरेत कळत होतं. मागं किंचित वळून त्या म्हणाल्या, "कसं ऱ्हायलं असंल हे रान? आमच्याकडं तर बांधावरचं झाड ठेवंनात लोक."

आणि मग फाटा आला. उजवीकडची वाट रामलिंगाला जाते. दर रविवारी मी त्या वाटेनं जाते, डोळे बांधून सोडलं तरी जाईन. विहीणबाई डावीकडं वळल्या.

मी तोंड उघडलं. 'विहीणबाई, उजवीकडं' एवढंच म्हणायचं होतं. त्यांच्या पाठीकडं बघितलं, खोचलेल्या पदराकडं बघितलं, आणि तोंड मिटलं. म्हटलं, पुढं गेल्यावर कळेलच त्यांना. मीही डावीकडं वळले.

वाट अरुंद झाली, मग नुसती पायवाट उरली, मग तीही एका कोरड्या ओढ्यात उतरली. हिवराच्या काट्यानं माझं मागचं चाक बसलं. विहीणबाईंनी साडी आवरून सायकल हातात धरली आणि ढकलत पुढंच. मी मागं. शेवटी झाडी जरा मोकळी झाली तिथं वनखात्यानं जनावरांसाठी बांधलेला पाणवठा होता, सिमेंटचा, पसरट. काठावर हरणांचा एक छोटा कळप पाणी पीत होता, आणि पलीकडं मोर पिसारा ओढत हिंडत होता.

विहीणबाई जागच्या जागी थांबल्या. एक हात मागं करून मला थांबवलं. आम्ही दोघी सायकली धरून उभ्या राहिलो. हरणांनी एकदा माना वर केल्या, आम्हाला बघितलं, आणि पुन्हा पाण्याला तोंडं लावली. एवढ्या वर्षांत मी त्या रानात इतकं सुंदर काही बघितलं नव्हतं, कारण मी कधी वाट चुकलेच नव्हते. विहीणबाईंचे डोळे भरून आलेले मला बाजूनं दिसले. ही बाई सहजासहजी डोळ्यांत पाणी आणणारी नाही.

कळप गेल्यावर त्यांनी विचारलं, "हीच व्हय तुमची वाट?"

"छान आहे ना?" मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. मग माझं चाक काढून पंक्चर काढायला बसल्या. मी नुसतं सामान हातात देत होते. ओढा चढताना सायकली खांद्यावर घ्याव्या लागल्या. फाट्यावर परत आलो तेव्हा रामलिंगाला जायला वेळच उरला नव्हता. देवाला तिथूनच हात जोडले आणि तेरची वाट धरली. तेरला भक्तनिवासात खोली मिळाली. त्या आडव्या झाल्या आणि लगेच झोपल्या. मी जागी राहून उद्याची वाक्यं मनात जुळवत बसले.

दुसऱ्या दिवशी येळवस. तेरच्या पुढं नदी रस्त्याच्या कधी या बाजूला, कधी त्या बाजूला होत राहते. अंगावर धुकं, दोन्हीकडं हुरड्यात आलेली ज्वारी, खाली हरभरा, मध्ये करडईचे काटेरी पट्टे. बंधाऱ्यांत पाणी साठलेलं, त्यावर बगळे. खोऱ्यातली जमीन इतकी काळी की उन्हातही ओली वाटते. आणि त्या सगळ्यातून बायका डोक्यावर आंबिलीची मडकी, जेवणाच्या पाट्या घेऊन रानाकडं निघालेल्या. गाव सोडून सगळा जिल्हा शेतात. प्रत्येक बांधावरून हाक येत होती, या की जेवायला. मला या आमच्या माणसांचा इतका अभिमान वाटला की थोडा वेळ मी लेकीचा विषयही विसरले.

दुपारी एका मुसलमान कुटुंबाच्या रानात आम्हाला थांबावंच लागलं. घरातली मोठी बाई रस्त्यावरच आडवी आली.

"खाको जाव जी. आज के दिन ऐसे कैसे जाते?"

कडब्याच्या खोपीजवळ सतरंजी होती. विहीणबाईंना त्यांनी मध्ये बसवलं, मी जरा मागं, कडेला टेकले. डाळी, पालेभाज्या घालून शिजवलेली भज्जी, ज्वारीच्या पिठाचे वाफवलेले गोळे, म्हणजे उंडे, वर ताकातली आंबील. चव अशी की बोलणं सुचू नये. वाढता वाढता त्या बाईंनी विचारलं, तुम्ही दोघी बहिणी का? विहीणबाई म्हणाल्या, विहिणी. तशी ती बाई हसली आणि माझ्याकडं बोट करून म्हणाली, "पिच्छे बैठे सो लडकी की माँ, हौ ना?"

सगळे हसले. मीही हसले. विहीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी उंडा मोडायचा थांबवला आणि माझ्याकडं वळून बघितलं, काल पाणवठ्यावर बघितलं होतं तसं.

पुढं माकणीपर्यंत त्यांनी सायकल जोरात हाणली. धरणाजवळ आल्यावर त्यांनी सायकल स्टँडला लावली आणि पाण्याकडं तोंड करून दगडावर बसल्या. लांबवर पाणी, वर उतरतं ऊन, आणि वारा इतका की हेल्मेट काढल्याबरोबर पदर उडाला. मी थोडी मागं उभी राहिले.

"हितं बसा. म्होरं," त्या म्हणाल्या.

मी बसले.

"बाई, दर आयतवारी जाता न्हवं तुमी त्या रानात?"

"हो."

"मग काल फाटा चुकला तवा तुमाला दिसलं न्हाई व्हय?"

मी माझ्या हेल्मेटचा पट्टा सोडवायला लागले.

"दिसलं. तरीबी माज्या मागं आलात. काट्यात आलात, वढ्यात आलात, सायकल खांद्यावर घेतलीत. पर म्हनला न्हाईत की विहीणबाई, तुमचं चुकलं. का?"

"तुम्ही मुलाच्या आई," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"मग उद्या तुमच्या लेकीच्या बाबतीत म्या चुकले, तरीबी असंच मागं मागं येणार का?"

तपासणीला आलेल्या साहेबांनीही मला कधी असा प्रश्न विचारला नव्हता.

"मला सगळं ठावं हाय," त्या म्हणाल्या. "पोरीच्या तोंडावरनं कळतंय. दोन दिस वाट बघायलेय म्या, आता बोलत्याल, मग बोलत्याल. नाक्यावर तर तुमाला रस्ता करून दिला. तरीबी न्हाई."

रात्रभर जुळवलेली वाक्यं होती माझ्याकडं. त्यातलं एकही आलं नाही. रडू आलं. लेकीच्या सासूसमोर, उघड्यावर, हुंदके देऊन. त्यांनी रडू दिलं. समजूत काढली नाही, पाणीही दिलं नाही. माझं थांबल्यावर मग बोलल्या.

"जाऊ द्यायचं तिला, हे म्या कवाच ठरवलंय. पर रान आन् पोर, दोनी माज्या एकटीच्यानं हुईना आता. त्र्याण्णव सालच्या भूकंपाच्या वक्ताला माजा लेक असाच होता, तुमच्या नातीएवढा. घर गेलेलं, पत्र्याच्या शेडमधी संसार. नोकरीवर तर जायाचं. आईला म्हनलं, ये, चार म्हईनं ऱ्हा, पोराला बघ. ती आली न्हाई. लेकीच्या दारात कसं ऱ्हावं म्हनली. मग पोराला लुगड्यानं कॅरेजवर बांधायची, लशीची पेटी हँडलला अडकवायची, आन् हिंडायची. उन्हात, पावसात. तुमचे जावई असं वाढल्यात." त्या थांबल्या. "आईचा लई राग आला. अजून जात न्हाई तो."

वाऱ्यानं पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या. त्या लहान पोराचं, माझ्या शांत जावयाचं, कॅरेजवर बांधलेलं रूप माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

"तवा माजं एवढंच म्हननं हाय," विहीणबाई म्हणाल्या. "ती माघारी यीपर्यंत तुमी सास्तूरला येऊन ऱ्हायचं. पावणी म्हणून न्हाय. घरच्यावानी."

लेकीच्या सासरी. सहा महिने. गावातली, नात्यातली तोंडं एकेक करून आठवली. मी त्यांना त्यांचा मान सोडायला सांगायला निघाले होते, आणि त्यांनी माझाच मागितला होता. "लोक काय म्हणतील?" हे वाक्य मी वर्गात कधी कुणाला बोलू दिलं नाही, पण तेव्हा तेच माझ्या तोंडून निघालं.

"ते म्या ऐकून घेते. तुमी फकस्त या."

"आणि ह्यांचं काय? घरी एकटे पडतील."

"त्यांनाबी आणा. पाखरं हाकायला माणूस लागतोयच."

रडता रडता हसू फुटलं. मी डोळे पुसले आणि म्हटलं, येते.

सास्तूरच्या रानात पोचलो तेव्हा दिवस मावळतीला लागला होता. भूकंपानंतर आखून बांधलेल्या घरांच्या सरळ ओळी लांबून दिसत होत्या. खोपीपाशी पूजा दुपारीच झाली होती, त्या वर्षी ती सगळी माझ्या लेकीनं केली होती. आता तिनं तीन दगडांवर दूध तापत ठेवलं होतं. येळवशीला संध्याकाळी ते उतू जाऊ द्यायचं असतं, आणि कुठल्या बाजूला जातं त्यावरून पुढच्या सालाचा अंदाज बांधायचा असतो. नात धावत आली आणि आजीच्या हेल्मेटसाठी तिनं हात पसरले. आजी म्हणजे त्या. जावई सायकली घ्यायला पुढं झाले.

लेकीनं माझ्याकडं बघितलं. विचारायचं होतं ते विचारवेना, म्हणून तिनं नेहमीचंच विचारलं. "आई, आज एसटी मिळायची नाही. सायकल टेम्पोत टाकून सोडायला सांगू का ह्यांना?"

"नको," मी म्हटलं. "मी राहतेय."

ती जवळ आली. मग हळूच, सासूला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "तू बोललीस?"

खरं उत्तर 'नाही' होतं. ते द्यायला मी तोंड उघडलं. पण विहीणबाईंना ऐकू गेलं होतं. नातीच्या डोक्यावर हेल्मेट बसवता बसवता, वर न बघता, त्या सगळ्या रानाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बोलली तर! लई बोलली तुजी आई. धरणापाशी मला हलूच दिलं न्हाई. कायदा काय, पोरीचं वय काय, सगळं सांगितलं. आता एवढ्या शिकलेल्या बाईपुढं माजं काय चालतंय? म्हनलं, जाऊ द्या तुमच्या लेकीला, पर नात सांभाळायला तुमी या."

दूध उतू गेलं, कुठल्या बाजूला गेलं ते कुणी बघितलंच नाही. लेक सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात पडली आणि 'आई, आई' करत राहिली. तिच्या खांद्यावरून मला विहीणबाई दिसत होत्या, पदराच्या टोकानं नातीच्या नाकाचा शेंबूड पुसणाऱ्या. लेकीवर माझी माया आहेच. पण त्या घडीला तिच्याहून जास्त माया मला तिच्या सासूबद्दल वाटली.